तो फोटो तिथेच राहील

४ फेब्रुवारी

ताई,

“तू काठावर बस, कपडे सांभाळ.”

हे तू म्हणाली होतीस. तुला आठवत नसेल. तळ्यावर गेलो होतो आपण सगळे, मामाची मुलं, आत्याची मुलं, आणि धाकटा तर एवढासा होता की त्याच्या कमरेला दोर बांधून त्याला पाण्यात सोडलं होतं. सगळ्यांनी कपडे काढून माझ्या मांडीवर टाकले. घड्याळं, चपला, तुझी कानातली. मी ऊन उतरेपर्यंत तशीच बसून होते, लांब बाह्या, पायघोळ, गळ्यापर्यंत बटणं. आत्याच्या मुलीने विचारलं, “ही का नाही येत?” आणि तू पाण्यातूनच ओरडून सांगितलंस, “तिला पाण्याची भीती वाटते.”

मला पाण्याची भीती कधीच वाटली नाही. हे एवढंच सांगायला मी पत्र लिहीत नाहीये, पण बोलायला सुरुवात कुठून तरी करायला हवी.

वर नमस्कार लिहिलेला नाही, कारण तू तो घेणार नाहीस. फोनवर तू मला बंद करून टाकलंस. मेसेज पोचत नाही, फोन लागत नाही. मग म्हटलं कागद घेऊ. कागद फार तर फाडता येतो, आणि न वाचता तू काही फाडत नाहीस. विजेचं बिलसुद्धा तू दोनदा वाचतेस.

बंद करण्याआधीचा तुझा शेवटचा मेसेज माझ्याकडे आहे. “तो फोटो आजच्या आज काढून टाकायला लाव. पोरीचं ठरत आलंय. तुला एवढंही कळत नाही?”

कळतं. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

तू तो फोटो फोनवर बघितलास, म्हणजे अंगठ्याएवढा. त्यात काय आहे ते मी सांगते. एका मोठ्या बोटीची मागची बाजू आहे. वरच्या मजल्यावरून पाण्यात सोडलेली पिवळी घसरगुंडी आहे. आमच्या चष्म्याच्या दुकानातली सगळी माणसं आहेत, ओली, केस कपाळाला चिकटलेली. मधोमध मी आहे. गडद निळा पोहायचा पोशाख, बाह्या नाहीत, पाय उघडे. आणि दंडांवर, गळ्याखाली, मांड्यांवर, सगळीकडे माझं कोड.

लिहिला बघ शब्द. आपल्या घरात तो कोणी कधी उच्चारला नाही. आई ‘तिचं ते’ म्हणायची. “तिचं ते जरा वाढलंय का?” बाहेरच्या कोणाला वाटावं, माझ्याकडे एखादं मांजर आहे.

तर तो फोटो बोटवाल्यांनी त्यांच्या जाहिरातीत टाकलाय, आणि बंदराच्या धक्क्यावर, तिकीटखिडकीशेजारी, चांगला दरवाजाएवढा करून लावलाय. चोरून नाही लावला. बोटवाली बाई मला विचारायला आली होती, “लावू का?” मी हो म्हटलं. शुद्धीत होते. तिथे सरबताशिवाय काही प्यायले नव्हते, तुला ती शंका असेल तर.

आमच्या दुकानाला वर्षं बरीच झाली म्हणून मालकांनी ही सहल काढली. मागच्या वेळी सगळ्यांना टेबलावरची घड्याळं दिली होती, ती सगळी एकाच आठवड्यात बंद पडली. या वेळी म्हणाले, वस्तू नको, बोटीवर जाऊ. गाणी, नाच, घसरगुंडी आणि दुपारी तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं पडून खालचे मासे बघायचे. स्नॉर्केलिंग म्हणतात त्याला. यात एकच अडचण होती. आमच्याकडे डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांपासून काउंटरवरच्या मुलीपर्यंत सगळे चष्मेवाले. मालक म्हणाले, “चष्मा काढून पाण्यात डोकं घातलं तर मासा काय आणि शेवाळ काय. तिकिटाचे पैसे फुकट जायचे.” म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी एकसारखे काळे मास्क आणवले आणि प्रत्येकाच्या नंबरची काच आत बसवायचं काम मला दिलं.

दुकानात बिनचष्म्याची मी एकटीच. मागच्या खोलीत यंत्रावर बसून मी रोज दुसऱ्यांच्या काचा घासते, यंत्राचं पाणी उडतं, हातमोजे चढवलेले असतात, बाह्या मनगटापर्यंत. हातमोजे काढले की दिसायची ती माझी बोटंच तेवढी दुकानातल्यांना माहीत होती. बोटांवरचे डाग काचेच्या पावडरीमुळे झालेत असं ते समजायचे. मीही तसं समजू दिलं होतं.

मी पाण्यात उतरणार नव्हतेच. सांगूनही टाकलं होतं की मी वर बसेन, सामान बघेन. पण सहलीच्या आधी बाजारातून येताना मी तो निळा पोशाख घेतला. का घेतला ते विचारू नकोस. घेतला.

बाकीचं पुढे लिहीन. फोटोचं उत्तर मात्र हेच.

तुझी बहीण

१३ फेब्रुवारी

ताई,

काल धाकट्याचा फोन आला. “ताई म्हणते, पोरीचं होईपर्यंत तरी काढ. नंतर पाहिजे तर पुन्हा लाव म्हणते.”

“आणि तू काय म्हणालास?”

“मी म्हणालो, सांगतो. मी काय पोस्टमन आहे का तुम्हा दोघींचा?”

“तुला स्वतःला काय वाटतं?”

“मी दोन्ही घरी जेवतो. मला काही वाटत नाही.”

हुशार आहे. लहानपणी कमरेला दोर बांधल्यापासून त्याला दोन्ही काठ सांभाळायची सवय लागली असावी.

‘नंतर पाहिजे तर पुन्हा लाव.’ हे तुझंच वाक्य, धाकट्याचं नाही, त्याला इतकं सुचत नाही. तू मला नेहमी असंच सांगत आलीस. नंतर. पाहुणे गेल्यावर बाहेर ये. लग्नाचे फोटो काढून झाल्यावर स्टेजवर ये. बारशाला सगळे पांगल्यावर बाळाला घे. मी नंतर येत राहिले. माझ्या आयुष्यातला बराच भाग असा, माणसं उठून गेल्यावरच्या खुर्च्यांमध्ये गेलाय.

त्या दिवसाचं सांगते. चूक कुठे झाली ते ऐकशील तर तूही हसशील, आणि हे मी तुला हसवायला लिहीत नाहीये.

बोट खोल पाण्यात थांबली तेव्हा बोटवाली म्हणाली, चष्मे इथे ठेवा, आजवर या समुद्राने पुष्कळ चष्मे गिळलेत. तिने एक प्लास्टिकची बादली फिरवली. सगळ्यांनी आपापले चष्मे त्यात टाकले. तिने बादली नेऊन केबिनमध्ये ठेवली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली आणि शिडी सोडायला खाली निघून गेली. मग मालकांनी मास्कची पेटी उघडली.

मास्क सगळे एकसारखे. काळे. त्यांच्यावर कोणाचं नाव नाही. मी विचारलं होतं, नावं टाकू का? तर मालक म्हणाले होते, “चष्म्याच्या दुकानातल्या माणसाला स्वतःचा नंबर ओळखता येत नसेल तर त्याला पगार कशाचा द्यायचा?” आणि हे खरंच, एरवी आमच्यातला कोणीही काच बोटांत धरून नंबर सांगतो. पण ती काच बघायला आधी चष्मा लागतो. ताई, चष्मेच विकून जगणारी माणसं, आणि एकालाही हे सुचलं नव्हतं. सगळे पेटीभोवती गोळा होऊन मास्क नाकाला लावून बघताहेत, डॉक्टर काउंटरवरच्या मुलीला विचारताहेत, “मालक, हा तुमचा का?” आणि वर गाणं असं जोरात लावलेलं की कोणाला कोणाचं ऐकू येईना.

मी ते मास्क दोन मिनिटांत लावून देऊ शकले असते. सगळ्या काचा मीच घासल्या होत्या. लगेच दिले नाहीत.

कारण त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की या बोटीवर मला सगळे दिसताहेत आणि मी कोणालाच दिसत नाहीये. एक पुसट उभी आकृती, एवढंच. मी कठड्याकडे गेले, शर्टाची बटणं काढली, शर्ट कठड्यावर टाकला. पँट काढली. आत तो निळा पोशाख सकाळपासून घातलेला होताच. दंडांना वारा लागला. मला सांगता येत नाही ते कसं वाटलं. माझ्या दंडांना उघड्यावर वारा लागायचा तो आपल्याच अंगणात लागायचा, सकाळी, आणि तोही तू लावलेलं औषध वाळेपर्यंत.

मग मी पेटीपाशी बसून मास्क वाटले. शिस्तीत रांग लावून, आणि पाण्यात उतरल्यावरच चढवा असं बजावून. तरी मालक आधीच डॉक्टरांचा मास्क चढवून निघून गेले होते. डॉक्टरांचा नंबर त्यांच्या दुप्पट. त्या मास्कमधून त्यांना काय दिसलं देव जाणे, ते पोहत पोहत शेजारच्या बोटीला जाऊन लागले, तिच्या शिडीने वर चढले, आणि तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवून त्यांच्या हातात ग्लास दिला. अर्धा तास ते तिथे आपल्याच माणसांना शोधत होते.

मी शिडीवरून उतरले. पाणी आधी घोट्यांना, मग गुडघ्यांना, मग पोटाला. पोटाला लागलं तेव्हा श्वास अडकला. लाइफ जॅकेट मानेशी काचत होतं. तोंडातल्या नळीला रबराची चव होती, पहिला श्वास घ्यायला मन होईना, घेतला, आला. मग तोंड पाण्यात घातलं.

खाली फार मोठं काही नव्हतं. खडक, त्यांवर पिवळट, जांभळट झाडांसारखं काहीतरी, आणि मासे. पट्ट्यांचे, ठिपक्यांचे, एक तर अर्धा काळा आणि अर्धा पांढरा, जणू रंगवताना कोणाचा तरी फोन आला. मी पालथी तरंगत होते आणि माझा स्वतःचा श्वास कानात मोठ्याने ऐकू येत होता. वरचं ऊन पाण्यातून हलत खाली येत होतं. माझ्या हातावर, शेजारी पाय झाडणाऱ्या डॉक्टरांच्या टकलावर, सगळ्यांवर पांढरे डाग फिरत होते. मी त्यातून काही मोठा अर्थ काढला नाही. फक्त बघत राहिले. बराच वेळ.

वर आले तेव्हा बोटवालीने केबिन उघडली होती. बादली मधोमध ठेवली होती आणि एकेक जण आपला चष्मा नाकावर चढवत होता.

माझा शर्ट कठड्यावरच होता. हाताच्या अंतरावर. हे तुला नीट सांगायला हवं, कारण तू म्हणशील की तिच्या लक्षात आलं नाही, बेभान झाली होती. लक्षात आलं होतं. शर्टाकडे हात गेलाही. तो हात मी परत आणला आणि केस पिळायला लावला.

मग काउंटरवरची मुलगी जवळ आली, चष्म्याची काच ओल्या पदराने पुसावी तशी टॉवेलने पुसत, आणि म्हणाली, “पाठीवर पण आहेत का?”

“आहेत.”

“मग तुम्हाला क्रीम लावायला पाहिजे. असल्या कातडीला ऊन लगेच भाजतं, माझ्या चुलतभावाला आहे. पाठीला तुमचा हात पोचत नसेल. कोण लावतं?”

“ताई लावायची,” मी म्हटलं.

“वळा,” ती म्हणाली.

तिने खसाखसा लावलं, कढई घासावी तसं. तुझा हात हलका होता.

तेवढ्यात मालक शेजारच्या बोटीवरून परत आले, ग्लास हातातच, आणि विचारायला लागले, “मी कोणाच्या पार्टीला जाऊन आलो?” सगळे हसायला लागले, मीही. बोटवालीच्या माणसाने फोटो काढला तो तेव्हाचा आहे. तेव्हा माझ्या मनात तू नव्हतीस, तुझ्या चिमणीचं स्थळ नव्हतं, कोणीच नव्हतं. त्याबद्दल मला अपराधी वाटावं असं तुला वाटतं. नाही वाटत.

तरी खांदे भाजलेच. आठवडाभर कुशीवर झोपले.

बहीण

२० फेब्रुवारी

ताई,

दोन्ही पत्रं परत आली. ‘घेण्यास नकार’ असं लिहून.

पाकिटं मी स्टेपल मारून बंद केली होती. परत आली ती डिंकाने चिकटवलेली, कडा अगदी सरळ, डिंक कुठे बाहेर आलेला नाही. इतकं नीट आपल्या घरात एकच माणूस चिकटवतं.

म्हणजे वाचतेस. ठीक आहे. तू परत पाठवत जा, मी लिहीत जाईन. पोस्टाचं तरी भलं होईल.

२७ फेब्रुवारी

ताई,

आज चिमणी दुकानात आली होती. तुला न सांगता आली असेल तर तिला रागावू नकोस, आणि तू पाठवली असशील तर हे वाचून गप्प राहा.

गॉगल बघायचाय म्हणाली. काउंटरवरच्या मुलीने चार काढले, हिने एकही न घालता पाचवा मागितला. मग सरळ मागे माझ्या खोलीत आली आणि स्टुलावर बसली. मी यंत्रावर होते.

“मावशी, मला काही वाटत नाही गं. तुला माहितीये.”

“माहितीये.”

खरंच माहीत आहे. लहानपणी ती माझ्या दंडाला बघून “मावशी, दूध सांडलं” म्हणायची आणि आपल्या फ्रॉकने पुसायला लागायची. पुसून जात नाही म्हटल्यावर “असू दे” म्हणाली होती. अडीच वर्षांची असेल. आपल्या घरात मला कोणी ‘असू दे’ म्हटलं असेल तर तिने.

“पण त्यांच्या घरी,” ती म्हणाली, “त्याची आजी आहे, काका आहेत. ते विचारतात सगळं. रक्तात काय, घराण्यात काय.”

“आणि तो?”

“तो चांगला आहे.”

“त्याला सांगितलंस?”

गॉगलच्या काड्या ती उघडत होती, मिटत होती. “सांगणार आहे. लग्न झाल्यावर.”

“म्हणजे फसवून.”

“मावशी, असं नको ना बोलू.” मग खाली बघून म्हणाली, “आईने त्यांना सांगितलंय, तिला एकच भाऊ आहे. आता तो फोटो कोणी दाखवला आणि म्हणालं, ही मुलीची मावशी, तर आई खोटी पडेल. तेवढं लग्नापर्यंत…”

यंत्र चालू होतं. मी काच तशीच दाबून धरली आणि तिची कड फुटली. एका म्हातारबाबांची होती, संध्याकाळी न्यायला येणार होते, पुन्हा पहिल्यापासून घासावी लागली.

एकच भाऊ.

ताई, इतकी वर्षं मी लपले. तू सांगशील तिथे, तू सांगशील तितका वेळ. आतल्या खोलीत बसले, शेजारी जाऊन बसले, ‘तिला बरं नाही’ झाले, ‘तिची परीक्षा आहे’ झाले. तरी त्या सगळ्यात मी कुठेतरी होते. दाराआड का होईना, होते. आता तू मला दाराआडसुद्धा ठेवलं नाहीस.

मला माहीत आहे तू कशाला घाबरतेस. तुझं पहिलं स्थळ. ती माणसं बोलणी संपवून निघाली होती, मला वाटलं गेली, म्हणून मी शेजारून आले, आणि त्या बाई दारातच चपला घालत होत्या. त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं. मग नकार आला. घरात मला कोणी काही म्हणालं नाही, आईसुद्धा नाही, पण तेव्हापासून मी बाहेर जाताना हातमोजे घालायला लागले.

तुला तो आवडला होता. मला ठाऊक होतं. तू त्याचं पेन ठेवून घेतलं होतंस.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू नेहमीसारखं मला अंगणात उन्हात पाठमोरं उभं केलंस आणि पाठीला औषध लावलंस. एक दिवससुद्धा चुकवला नाहीस. मागून तुझं नाक ओढणं ऐकू येत होतं. मी वळून बघितलं नाही. हात तेवढाच हलका होता. त्या हातासाठी मी तुझं बाकी सगळं सहन केलं, अगदी आनंदाने केलं.

पण आज मी हे लिहून ठेवते, आणि हे तू पाहिजे तर दोनदा वाच. तुझं लग्न माझ्यामुळे मोडलं नाही. माझ्या मनगटाने काय केलं? दारात उभं राहिलं. मोडलं ते त्या बाईंनी मोडलं, आणि ज्याचं पेन तू ठेवलंस त्याने तोंड उघडलं नाही म्हणून मोडलं. इतकी वर्षं आपण दोघींनी त्या माणसांची चूक आपल्या घरात सांभाळली. मी ती माझ्या अंगावर घेऊन फिरले, पायघोळ आणि बंद गळ्याची. आता मी ती काढून ठेवलीय. तुला पाहिजे असेल तर तू घाल. चिमणीला घालू नकोस.

चिमणीला मी नाही म्हटलं. ती रडली नाही. गॉगल न घेता गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, “तुला मी नकोय का मावशी?” हे तिने म्हणायला नको होतं. ती गेल्यावर मी त्या म्हातारबाबांची काच पूर्ण केली आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

९ मार्च

ताई,

हे शेवटचं. यानंतर डिंक वाया घालवावा लागणार नाही.

चिमणी गेल्यापासून मला नीट झोप आली नाही. तुला माझ्या निर्धाराची भीती वाटत असेल तर थोडा आनंद देते. काल अर्धी रजा टाकून मी बंदरावर गेले होते, फोटो काढून टाकायला सांगायला. तुझ्यासाठी नाही. ती ‘असू दे’ म्हणाली होती, त्यासाठी.

दुपारची वेळ, धक्क्यावर कोणी नव्हतं. बोटवाली तिकीटखिडकीच्या पायरीवर बसून डबा खात होती. मला बघून म्हणाली, “या, आमच्या जाहिरातवाल्या बाई.”

मी म्हटलं, “तो फोटो…”

“काढायचाय?” तिने एकदा माझ्याकडे बघितलं, घास संपवला. “काढू. तुमचाच आहे. शिडी मागे आहे, माणूस येऊ दे. घरून कोणी बोललं का?”

“बहीण.”

“हं,” म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं. “माझा भाऊ मला अजून विचारतो, बाईमाणूस बोट चालवते तर लोक चढतात कसे. लोक दर विचारून चढतात.”

तिचा माणूस येईपर्यंत मी फोटोसमोर उभी राहिले. इतका मोठा मी तो पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं, आधी डाग दिसतील. आयुष्यभर आरशात मला आधी तेच दिसत आलेत. पण आधी दिसलं ते माझं तोंड. सताड उघडं, दाढांपर्यंत. एक डोळा मिटलेला. खांद्यावर क्रीमचा न पसरलेला जाड फराटा. पोट आत घ्यायचं राहून गेलेलं. इतकी वेडीविद्री हसणारी बाई मी कधी पाहिली नव्हती, आणि ती मी होते. आपल्या घरातल्या एकाही फोटोत मी हसताना नाही. खरं तर आपल्या घरातल्या फोटोंत मी नाहीच. धाकट्याच्या मुंजीपासून सगळीकडे तू, तो, आई, बाबा, चौकोनी कुटुंब. फोटो काढायला मीच उभी असायचे ना समोर.

माणूस शिडी घेऊन आला. बोटवालीने माझ्याकडे बघितलं.

“राहू दे,” मी म्हटलं.

“नक्की?”

“राहू दे. पाऊसपाण्याने खराब झाला तर दुसरा लावा. माझाच.”

तिने शिडी परत पाठवली. मला अर्ध्या तिकिटात पुन्हा बोटीवर यायला सांगितलं. मी जाणार आहे.

आता रविवारचं. धाकट्याने सांगितलं की त्या दिवशी ती माणसं तुझ्याकडे येणार आहेत, पक्कं करायला, आजी आणि काकासुद्धा. घाबरू नकोस, मी दारात उगवणार नाही. मी तशी कधी आले नाही, तेव्हाही मी ते गेले असं समजूनच आले होते. चिमणीला मी तुझ्या नकळत काही लिहिलेलं नाही, त्या मुलालाही काही सांगितलेलं नाही, सांगणार नाही. ते माझं काम नव्हे.

तुला वाटेल मी चिमणीचं वाईट चिंतते. मी तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते सगळे पांगल्यावर घेतलं, पण घेतलं आणि रात्रभर खाली ठेवलं नाही, हे भावोजींना विचार. तिचं लग्न व्हावं, थाटात व्हावं. पण ज्या घरात मावशी लपवून जायचं, त्या घरात उद्या तिच्या मुलाच्या कोपरावर एवढासा पांढरा ठिपका उमटला तर ती काय करेल? कोणाला हाक मारेल? तू तर तिला माझा नंबरसुद्धा ठेवू देणार नाहीस.

म्हणून मागते. एकच मागते. लग्नाला बोलाव असं म्हणत नाही. फोटोत घे असंही नाही.

रविवारी ती माणसं बसली, पाणी वगैरे देऊन झालं, की तू त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बस आणि सांग की मागे आमचं सांगायचं चुकलं, आम्ही तीन भावंडं आहोत. मधली बहीण आहे. चष्म्याच्या काचा घासते, अंगावर कोड आहे. चिमणीने नाही सांगायचं, धाकट्यानेही नाही, तू सांगायचं. आजी उठून गेल्या तर जाऊ देत. मुलगा उठला तर मग तोही जाऊ दे. आणि तुझा आवाज थरथरला तरी चालेल, मला तिथे ऐकू येणार नाही.

तू करणार नाहीस. हे लिहितानाही मला दिसतंय, तू कागदाची घडी घालतेस, कडेवरून नख फिरवतेस, डिंकाची बाटली शोधतेस. तरी मागते, ताई. सांग त्यांना, मी आहे.

तुझी मधली